डोंगरावरची चुन्याची रेघ

संजीवनी मॅडमला डोंगराचं वेड आहे, असं उंबरदरीत सगळेच म्हणत. मूळची धाडची ही बाई सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत भूगोल शिकवायला आली आणि पोरांना वर्गात कमी, उन्हात जास्त बसवू लागली. नाल्याच्या कापलेल्या काठाशी त्यांना उभं करायची आणि बोटानं दाखवायची: हा गोट्यांचा थर, हा रेतीचा, हा गाळाचा, प्रत्येक थर म्हणजे डोंगरानं कधीतरी खाली पाठवलेला एकेक पूर. मुख्याध्यापक कुरकुरायचे, की मॅडम, पुस्तकात चित्र आहे ना. ती म्हणायची, "चित्रातला डोंगर सह्याद्रीचा आहे सर. आपला तर शाळेच्या मागच्या दारात उभा आहे." मुख्याध्यापक विषय सोडून द्यायचे, पण पटलं म्हणून नव्हे. संग्रामपूरहून रोज स्कूटीवर येणाऱ्या बाईशी वाद घालून शाळा सुटायला उशीर कोण करणार?

मागच्या दारातला हा डोंगर मात्र बरा नव्हता. त्याच्या उताराखाली बौद्ध वस्तीची दहा-बारा घरं होती. उतारावर पोकळ मुरूम, त्याच्याखाली लाल मातीचा थर आणि त्याखाली काळा कातळ. पावसाचं पाणी मुरमातून झिरपायचं, लाल मातीवर येऊन अडायचं आणि तिचा शेंबडासारखा निसरडा गारा व्हायचा. त्यात पायथ्याचा मुरूम रस्त्याच्या कामासाठी खोदून नेलेला. ज्या भिंतीचा पाया उकरलाय तिला टेकून कोणी निजत नाही. उंबरदरीतले मात्र निजत होते. उतारावरची झाडं बुंध्यापाशी वाकून मग वर चढलेली होती, कुंपणाचे खांब एकाच दिशेला कलले होते. संजीवनीला ते दिसलं आणि डोंगर हलतोय हे तिनं ओळखलं.

तिनं मग पोरांना घेऊन एक उद्योग केला. उताराच्या दोन्ही बाजूंना उघडा कातळ होता, तो हलणं शक्य नव्हतं. या कातळापासून त्या कातळापर्यंत दोरी ताणली, दोरीखाली नारळाएवढे दगड ओळीनं मांडले आणि त्यांना चुना फासला. डोंगर जागचा हलत नसेल, तर रेघ सरळ राहील. हलत असेल, तर मधले दगड खाली येतील. दोन पावसाळे गेले आणि ओल्या कपड्यांनी वाळत घालायची दोरी लोंबावी तशी ती रेघ मधोमध खाली लोंबली. वस्ती उठवून दुसरीकडे बसवायला हवी, हे सांगायला आता तिच्याकडे पुरावा होता.

पण सांगायचं कोणाला? सरपंच राजकुमारनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, डोंगर माह्या आज्याच्या आज्यानं पाह्यला. तो कुटी जाऊन राह्यला?" तालुक्याला तिनं अर्ज दिले, तिथं ते ज्या वेगानं सरकले त्यापेक्षा डोंगर जोरात सरकत होता. शेवटी उन्हाळ्याच्या तोंडाशी जिल्ह्याहून जमीन-दगडातले जाणकार एक साहेब येऊन बघायला तयार झाले. ते फोनवर म्हणाले, "रेघ खरंच वाकलेली दिसली, तर वस्ती हलवायची शिफारस मी त्याच दिवशी करतो." संजीवनीला आनंदानं काही सुचेना. तिनं राजकुमारला निरोप दिला, सोमवारी साहेब येणार आहेत, डोंगर बघायला. आणि रविवारी ती धाडला माहेरी गेली.

साहेब येणार म्हटलं की उंबरदरीला काय करायचं ते शिकवावं लागत नाही. रस्ते झाडायचे, शाळेपुढं सडा टाकायचा, कडेच्या दगडांना चुना फासायचा, फक्की मारून रेघा ओढायच्या. साहेब कोणत्या खात्याचा आहे, कशासाठी येतोय, हे कोणी विचारत नाही. लसीकरणाचा आला तरी चुना, निवडणुकीचा आला तरी चुना.

सोमवारी साहेबांच्या जीपमधून उतरता उतरता संजीवनीची नजर उतारावर गेली. रेघ पांढरीशुभ्र चमकत होती. या कातळापासून त्या कातळापर्यंत, आखून दिल्यासारखी सरळ.

शाळेच्या दारात रुख्मिणी उभी होती. ही शाळेत खिचडी शिजवणारी. मॅडमला रोज स्वतःच्या हातानं वाढायची, वर घरून आणलेली मिरचीची चटणी द्यायची. वस्तीतलं डोंगराला सगळ्यात चिकटलेलं घर तिचं आणि तिचा नवरा दयाराम याचं. तिचे हात कोपरापर्यंत चुन्यानं माखलेले होते आणि तोंडावरून आनंद ओसंडत होता.

"मॅडम, तुमची रेघ लय वाकडी होऊन गेल्ती," ती म्हणाली. "सायबासमोर तुमचं नाक कापल्या जाईन मनून मी न् दयारामनं काल दिवसभर बसून सरळ करून देल्ली. दोरी लावून केली, पाहा."

साहेब भला माणूस होता, हेच वाईट. संजीवनीनं मोबाइलवरचे फोटो दाखवले, ते त्यानं नीट बघितले. मग वर सरळ रेघेकडं बघितलं. "फोटोत वाकडी, इथं सरळ. दगड माणसाला उचलता येतात मॅडम. काल कोणीतरी उचलले म्हणता, मग फोटोच्या वेळी उचलले नव्हते कशावरून?" कललेले खांब त्यानं बघितले, वाकलेली झाडं बघितली, वरपर्यंत चढूनही गेला. पण खांब गुरांच्या धक्क्यानं कलतात आणि झाडं उजेडाकडे वाकतात, हेही खरंच. पुढच्या वर्षी पुन्हा मोजू, म्हणाला. त्यानं डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. त्याचं तरी काय चुकलं?

संजीवनी त्या दिवशी जेवली नाही. रुख्मिणीवर तिला राग काढता येईना, आणि स्वतःवरचा राग आवरेना. रेघ कशासाठी आहे हे तिनं पोरांना सांगितलं होतं, सरपंचाला सांगितलं होतं, जिल्ह्याच्या साहेबाला सांगितलं होतं. जिच्या घरासाठी हा सारा खटाटोप, जी तिच्या ताटात रोज खिचडी वाढत होती, तिला मात्र कधी जवळ बसवून सांगितलं नव्हतं. चटणी मागितली तेवढी.

पुढच्या वर्षापर्यंत थांबायला डोंगराला कोणी अर्ज दिला नव्हता. श्रावणात आठवडाभर झड लागली आणि एका सकाळी उतार मुरूम, झाडं, दगड सगळं घेऊन खाली बसला. पडली ती डोंगराला चिकटलेली तीन घरं. दयाराम बकऱ्या घेऊन बाहेर पडला होता. शेजारचे लोक झड बघून आदल्या दिवशीच नातलगांकडे गेले होते. रुख्मिणी चुलीपाशी होती. तिला बाहेर काढायला दुपार झाली.

तिसऱ्या दिवशी संजीवनी भेटायला गेली. समाजमंदिराच्या ओट्यावर दयाराम गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. बाकीचे उठून गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, "मॅडम, एक सांगा. आमी ते दगड हलवले नसते, तं?"

आयुष्यभर तिनं पोरांना चुकीचं काही शिकवलं नव्हतं. तेव्हाही ती खोटं बोलली नाही. फक्त अर्धं बोलली. "डोंगर तर पडलाच असता, दयारामभाऊ. दगडांनी डोंगर थांबत नसतो."

"तेच मनलं मी," दयाराम म्हणाला आणि त्याचे खांदे सैल पडले. त्यानं मग दोन घास खाल्ले. संजीवनीला वाटलं, एवढं तरी हातून बरं घडलं. उरलेलं अर्धं तिनं गिळून टाकलं: रेघ वाकडी राहिली असती, तर डोंगर रिकाम्या घरांवर पडला असता.

पण गावात अर्धी गोष्ट फार दिवस अर्धी राहत नाही, ती कोणाच्या तरी सोयीनं पुरी होते. दयारामनं मॅडमचं ते वाक्य भेटेल त्याला सांगितलं होतं. दिवाळी झाल्यावर ग्रामसभा बसली. उरलेली घरं हलवायची, तर ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची जमीन द्यावी लागणार होती, आणि त्या जमिनीवर गावातल्या बड्यांची गुरं चरत होती. जिल्ह्याचा दुसरा एक अधिकारी समोर बसला होता. राजकुमार उठून म्हणाला, "साहेब, आमच्या मॅडम भूगोलाच्या जानकार हायेत. त्यायनंच दयारामले सांगतलं, का दगडा-रेघांनी काई फरक पडत नसते, डोंगर पडाचा तवा पडते. आता तो पडून मोकळा झाला. मंग घरं हालवाची कायले?"

माना डोलल्या. मागच्या रांगेत दयारामही मान डोलवत होता. त्याला वाटलं, मॅडमच्या शब्दाला गाव मान देतंय.

संजीवनीपुढं पेच पडला. गप्प बसावं, तर उरलेल्या घरांतली माणसं गाडली जाणार. बोलावं, तर ते या एका माणसाच्या तोंडावर बोलावं लागणार. राजकुमारची तिला इतकी शिसारी आली, की त्या तिरमिरीतच ती उठली.

"मी अर्धंच सांगितलं होतं," ती अधिकाऱ्याला म्हणाली, दयारामकडे न बघता. "वरचा भाग अजून फाटलेला आहे, तो येईल. आणि मागच्या वेळी रेघ वाकडी दिसली असती, तर वस्ती पावसाळ्याआधी उठली असती. डोंगर पडलाच असता. माणूस मेलं नसतं."

अधिकाऱ्यानं दोन-चार प्रश्न विचारले, वर जाऊन भेगा बघितल्या आणि जमीन द्यायचं ठरलं. वस्तीतल्या बाया संजीवनीच्या पाया पडायला आल्या. तिनं पाय मागं घेतले. दयाराम केव्हा उठून गेला ते कोणाला कळलं नाही.

उन्हाळ्यात ई-क्लासवर पत्र्याची घरं उभी राहिली. दयारामलाही एक मिळालं. संजीवनी बघायला गेली तेव्हा तो दारात बसला होता. बसा म्हणाला, पाणी दिलं. समोर वस्तीतली पोरं खेळत होती.

"जागा भेटली, बरं झालं," दयाराम म्हणाला. "तुमी बोलल्या मनून भेटली. मले राग नाई." मग थोडं थांबून म्हणाला, "मॅडम, आता काम झालं नं? मंग मले पयलं सांगतलं होतं, तेच आखीन एक डाव सांगा."

संजीवनीनं त्याच्याकडं बघितलं. मग सगळा जीव गोळा करून म्हणाली, "डोंगर तर पडलाच असता, दयारामभाऊ. दगडांनी डोंगर थांबत नसतो."

दयारामनं शाळेतल्या पोरासारखं मन लावून ऐकलं.

"नाई मॅडम," तो म्हणाला. "आता नाई पटत."