माहेर निघालं स्पेनला

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. त्यातून त्या वर्षी आमच्या आइंडहोवनच्या घरात जेवणाच्या एकाच टेबलावर तीन कारभार चालत होते: माझं ऑफिस, बायकोचं ऑफिस आणि सात वर्षांच्या मुलीची कधी बंद, कधी अर्धी उघडी शाळा. साथीचं दुसरं वर्ष होतं. रात्रीची संचारबंदी होती, घरी पाहुणा एकच बोलवायचा असा नियम होता, आणि अशा दिवसांत मी गाडीने बेल्जियम आणि अख्खा फ्रान्स ओलांडून स्पेनला जायचं ठरवलं.

हौस म्हणून नव्हे. माझी धाकटी बहीण व्हॅलेन्सियाच्या विद्यापीठात संशोधन करत होती आणि तिचे दिवस भरत आले होते. तिचा नवरा मालवाहू जहाजावर. त्याची पाळी संपून तीन महिने झाले होते, पण जहाजावरच्या लोकांना कुठलं बंदर उतरू देईना. आई पुण्यात, आणि पुण्याहून त्या महिन्यांत कुणीच कुठे जाऊ शकत नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत. आता माहेर म्हणजे आई, आणि आई येऊ शकत नाही म्हटल्यावर तिने फोनवरच निकाल दिला. "मग तू जा. तूच तिचं माहेर." मी चिप बनवणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग तपासणारा माणूस. मला बाळंतपणातलं काय कळतं, असं मी विचारलं. "कळायचंय काय त्यात?" आई म्हणाली. "तिच्याजवळ बस, एकटी पडू देऊ नकोस, झालं."

विमानाची तिकिटं दोनदा काढली, दोन्हीदा रद्द झाली. म्हणून गाडी, आणि गाडीत आम्ही तिघं. आमच्या दारापासून तिच्या दारापर्यंत सतराशे आणि काही किलोमीटर. दोन दिवसांचा रस्ता, मध्ये एक मुक्काम. कागदावर इतकं सोपं होतं की मी एका संध्याकाळी चहा पिता पिता सगळं ठरवून टाकलं आणि एक्सेल उघडून बसलो. तिथून माझ्या डोक्याचं भजं व्हायला सुरुवात झाली.

प्रत्येक देशाचे रंग वेगळे. आमच्या सरकारच्या नकाशावर सगळा युरोप नारिंगी होता, आणि नारिंगी म्हणजे गरज नसेल तर जाऊ नका. फ्रान्सच्या नकाशावर आम्ही नेदरलँड्सवाले लाल. बेल्जियममधून नुसतं जायचं असेल तर एक नियम, थांबलात तर दुसरा, आणि पेट्रोल भरायला थांबणं हे थांबणं आहे की नाही हे कुणालाच सांगता येईना. टेस्ट बहात्तर तासांच्या आतली हवी. पण बहात्तर तास कधीपासून मोजायचे? नाकात काडी घातल्यापासून की रिपोर्ट आल्यापासून? आणि सीमा ओलांडेपर्यंत की मुक्कामी पोचेपर्यंत? फ्रान्समध्ये संध्याकाळी सातला संचारबंदी, आमच्याकडे रात्री दहाला. म्हणजे इथून उशिरा निघालो तर तिकडे अडकणार, आणि पहाटे निघायचं तर इथली बंदी उठायची वाट बघणार. मी शीटमध्ये प्रत्येक देशाचा एक रकाना केला आणि रंग भरले. मुलीने ते पाहून विचारलं की बाबा रंगपंचमी कधी आहे. ती मराठी समजते, बोलते मात्र बहुतेक डच.

इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर विचारलं ती आणखी एक चूक. अठरा जणांनी एकोणीस मतं दिली. एक म्हणाले, पॅरिसवरून जा. दुसरे म्हणाले, पॅरिसवरून चुकूनसुद्धा जाऊ नका, लियॉनवरून जा. तिसऱ्यांनी सांगितलं की लियॉनमध्ये शिरायचं तर काचेवर प्रदूषणाचा स्टिकर लागतो, तो फ्रान्समधून पोस्टाने येतो, आणि पोस्ट सध्या येत नाही. रॉटरडॅमच्या एका बाईंनी मेथीच्या ठेपल्यांची कृती पाठवली. खरं सांगायचं तर उपयोगाची तेवढीच निघाली.

फ्रान्सच्या फॉर्मवर प्रवासाचं अत्यावश्यक कारण लिहायचं होतं. खुणेसाठी चौकटी होत्या, त्यात भावाने बहिणीच्या बाळंतपणाला जाणं कुठेच बसेना. मी एका हेल्पलाइनला फोन लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक बाई आल्या. मी इंग्रजीत समजावलं की आमच्यात मुलगी पहिल्या वेळेला आईवडिलांच्या घरी जाते, तिला ते शक्य नाही, म्हणून ते घरच तिच्याकडे चाललंय. "घर चाललंय?" त्यांनी विचारलं. घर म्हणजे मी, असं सांगितलं. त्यावर त्यांनी मी डॉक्टर आहे का असं विचारलं. नाही म्हटल्यावर दुसऱ्या विभागाला फोन जोडून देते म्हणाल्या, आणि फोन कट झाला. माहेर या शब्दाला कुठल्याच फॉर्मवर चौकट नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी फोन सोफ्यावर आपटला. बायको म्हणाली, "अरे, इतर कारण लिही ना." मी म्हटलं, हे इतर कारण नाहीये. ती म्हणाली, "मला माहितीये रे. फॉर्मला माहीत नाहीये."

बायकोने या सगळ्यात एकही रकाना भरला नाही आणि सगळं काम केलं. आईच्या यादीप्रमाणे खारीक, अळीव, बाळंतशेपा, ओवा असं आमच्याकडच्या भारतीय दुकानातून आणि उरलेलं हेगच्या दुकानातून मागवलं. डिंकाचे लाडू वळले. आपल्या जुन्या सुती साडीची दोन दुपटी शिवली. डिंकाचे पिवळट खडे आणि शतावरीची पांढरी पावडर सीमेवरच्या पोलिसाला काय म्हणून सांगायची याची मला चिंता लागली. मी शीटमध्ये आणखी एक ओळ वाढवली. आईचा रोज सकाळी फोन यायचा. "वाटेत आपलं कुणी आहे का रे?" ती रोज विचारायची. मी रोज सांगायचो की फ्रान्समध्ये आपलं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी ठरलं ते असं: शुक्रवारी पहाटे निघायचं, बुधवारी दुपारी तिघांच्या टेस्ट, शनिवारी संध्याकाळपर्यंत व्हॅलेन्सिया. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला त्यानंतर बारा दिवस उरत होते. मला वाटलं, एकदाचं गंगेत घोडं न्हालं.

मंगळवारी सकाळी साडेदहाला बहिणीचा मेसेज आला. आम्ही सगळे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो, तसाच लिहिलेला. "परवा सिझर. सगळं ठीक. तुम्ही सावकाश या."

मी उठून उभाच राहिलो. मंगळवार, म्हणजे परवा गुरुवार! डॉक्टरांनी तारीख अलीकडे आणली होती आणि मी शुक्रवारी निघणार होतो. मी तिला फोन लावला, तिने उचलला नाही. पुन्हा लावला. मग टेस्टच्या केंद्राला लावला, आजची वेळ मिळेल का म्हणून. मिळेना. विमानतळाजवळ एक खाजगी केंद्र होतं, पण त्यांचा रिपोर्ट बुधवारी दुपारी येणार होता. बुधवारी दुपारी निघून, न थांबता, आलटून पालटून गाडी चालवली तर गुरुवारी सकाळी पोचता आलं असतं, पण मध्ये फ्रान्सची संचारबंदी आडवी येत होती. मी शीटवर सगळं नव्याने मांडलं. बायकोला म्हटलं, तू बॅगा भर. ती म्हणाली की तिची मीटिंग चालू आहे. मी तिच्यावर ओरडलो. मीटिंगमधल्या लोकांना मराठी येत नव्हतं हे नशीब. साहेबांना रजेची मेल लिहिली, त्यात बुधवारच्या जागी गुरुवार लिहिलं, मग दुरुस्तीची दुसरी मेल लिहिली. हाउसआर्ट्सला, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरला, फोन करून विचारलं की टेस्ट लवकर होण्यासाठी ते चिठ्ठी देतील का. तिथली बाई म्हणाली की आजारी असाल तर बोला. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मुलगी माझा फोन हातात घेऊन मेसेज वाचत होती. इंग्रजी अक्षरं असल्यामुळे तिला वाचता येत होतं. तिने विचारलं, "बाबा, परवा म्हणजे ओव्हरमॉर्खन की एअरखिस्टरन?"

मी म्हटलं, मध्ये बोलू नकोस.

तिने पुन्हा विचारलं. डचमध्ये उद्यानंतरच्या दिवसाला एक शब्द आहे आणि कालच्या आधीच्या दिवसाला दुसरा. आमच्या एका शब्दात दोन्ही दिवस कसे, हे तिला कधीच पटलेलं नाही. प्रत्येक वेळी ती विचारते कुठला परवा, आणि प्रत्येक वेळी मी सांगतो की पुढच्या शब्दावरून कळतं. आहे की होता, त्यावरून. मी मेसेज पुन्हा वाचला. पुढे शब्दच नव्हता.

बायकोने हेडफोन काढला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "ती सावकाश या म्हणतेय रे."

तेवढ्यात बहिणीचाच फोन आला. मी तिला काही बोलूच दिलं नाही, थेट विचारलं, "परवा म्हणजे कधी?"

"परवा रे," ती म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता. "रविवारी. झालं ना. मुलगी झाली, दादा."

मागून बारीक आवाज आला. मी खुर्चीत बसलो. बायको रडायला लागली, मुलगी तिच्या मांडीवर चढली, आणि मला मात्र एकच गोष्ट आठवली. रविवारी दुपारी मी तिला फोन केला होता. स्पेनचा फॉर्म माणशी एक भरायचा की गाडीचा मिळून एक, हे विचारायला. ती मध्येच "थांब हं" म्हणायची आणि गप्प व्हायची. मग पुन्हा बोलायची. दोन-तीनदा असं झाल्यावर मी वैतागून म्हणालो होतो, अगं, नीट लक्ष दे ना, मी तुझ्यासाठीच हे सगळं करतोय. ती म्हणाली, "हो दादा, माणशी एक," आणि फोन ठेवला. सोमवारी तिने फोन उचलला नाही, तेव्हा मला बरंच वाटलं होतं, कारण मला टोलचे पैसे बघायचे होते.

"तेव्हा तू कुठे होतीस?" मी विचारलं.

"हॉस्पिटलमध्येच. कळा येत होत्या. बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, म्हणून नंतर घाईने सिझर केलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू तसाच निघाला असतास, टेस्ट न करता, आणि सीमेवरून परत पाठवलं असतं. मग मला तुझीही काळजी. आणि हिला दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. हातात देईपर्यंत कुणालाच सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. आईलासुद्धा नाही. आज सकाळी दिली. मेसेज एका हाताने केला, म्हणून तेवढाच."

सहा आठवडे मी नकाशे रंगवत होतो. आईने एवढंच सांगितलं होतं की तिला एकटी पडू देऊ नकोस. आणि ती एकटी असताना मी तिला फॉर्मबद्दल विचारत होतो, वर ओरडतही होतो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मला माझी लाज वाटली, आणि ते तिला सांगायलाही लाज वाटली.

"कोण होतं तुझ्याजवळ?" मी कसंबसं विचारलं.

"एक नर्स होती, वयस्कर. चांगली होती. हात धरून बसली होती. दादा, गंमत सांगू? मी सारखी आई गं, आई गं करत होते. स्पॅनिशमध्ये दुखलं की आय म्हणतात ना. तिला वाटलं मी तेच म्हणतेय. म्हणाली, किती छान स्पॅनिश येतं तुला."

ती हसायला लागली, टाके दुखले म्हणून थांबली, आणि पुन्हा हसली. मीही हसलो. मग मला ते हसू पुढे रेटता येईना. मी फोन तोंडापासून लांब धरला.

"दादा?" तिचा आवाज आला. "आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं.