मुराळ्याची सायकल

कुरुळीच्या सोनबाकडे बोलायला एकच शब्द होता, तो म्हणजे "हं". आनंद झाला तरी हं, राग आला तरी हं. ह्याच्या म्हशी ह्याच्यापेक्षा जास्त बोलतात, असं गाव त्याला चिडवायचं आणि तोही त्यावर हं म्हणून किटल्या उचलायचा. बावन्न सालच्या उन्हाळ्यात त्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून एक काळी सायकल आणली होती. रोज सकाळी दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून तो देहूरोडच्या छावणीत दूध घालायला जायचा.

त्याच वर्षी श्रावणात तो पहिल्यांदा मुराळी झाला. धाकटी बहीण शकू आदल्या साली वाडा गावापलीकडच्या एका खेड्यात दिली होती, खेडपासून आत, भीमाशंकरच्या बाजूला. पंचमीला लेक माहेरी आणायची तर कुणीतरी जायला हवं. वडील नव्हते. बैलगाडीनं दीड दिवस मोडायचा. सोनबानं किटल्या उतरवल्या, कॅरिअरवर वाकळेची जाड घडी बांधली आणि निघाला.

शकूच्या सासूनं सायकल पाहून तोंडाला पदर लावला. सून सायकलीवर बसून जाणार म्हणजे गावात शोभाच. मग शकूनं एक युक्ती काढली, आणि ती पुढं दर वर्षी चालली. गाव आलं की वेशीच्या अलीकडे ती उतरायची, डोईवर पदर ओढून भावाच्या दहा पावलं मागून चालायची. शेवटचं घर मागं पडलं की पुन्हा उडी मारून बसायची. लोकांना दिसायचं ते एवढंच, की मुराळी सायकल ढकलत चालला आहे आणि मागून बहीण येते आहे. त्यांच्या डोळ्यांना काय, तेवढंच पुरे होतं.

दोन गावांच्या मधला रस्ता मात्र त्या दोघांचा होता. लाल मुरमाचा रस्ता, कडेनं भीमा, आवणी उरकलेली भातखाचरं, आणि पलीकडच्या डोंगरांवरून उतरणारं धुकं. ओढे आडवे यायचे. तिथं सोनबा सायकल खांद्यावर घ्यायचा आणि शकू त्याचा सदरा धरून गुडघाभर पाण्यातून यायची. एका ओढ्यात तिची एक चप्पल वाहून गेली, तर तिनं हसत दुसरीही सोडून दिली. एवढी निवांत हसलेली शकू पुढं कुणी पाहिली असेल असं मला वाटत नाही.

निम्म्या वाटेवर बहिरोबाची खिंड होती. चढावर शकू मागून सायकल ढकलायची. वर उंबराखाली बसून दोघं भाकरी खायची आणि मग खाली नदीपर्यंत दीड मैलाची सरळ उतरण. पायडल मारायला नको, नुसतं बसून राहायचं. चाक टिकटिक वाजायला लागलं की शकू बोलायला लागायची.

पहिल्या वर्षी तिनं सांगितलं की दळण झालं तरी सासू जात्याभोवती बोट फिरवून पीठ राहिलं का बघते. दुसऱ्या वर्षी सांगितलं की तिसरा महिना होता आणि राहिलं नाही. त्यानंतर सांगितलं की नवरा गेनू मनाचा चांगला आहे, पण आईपुढं त्याची मान वर होत नाही. हे सगळं ती सोनबाच्या पाठीला सांगायची. सोनबा हँडल घट्ट धरून रस्त्याकडे बघत हं म्हणायचा. कधी त्याच्या सदऱ्याला मागून ओल लागायची, तरी तो वळून बघायचा नाही. उतरण संपली की शकू नाक पुसून म्हणायची, "झालं. आता आय इचारंल तर मी सुखात हाय." आणि कुरुळीत येऊन ती खरोखरच सुखातली लेक व्हायची. झोके काय, फुगड्या काय. कुशाबाई, तिची आई, शेजारणींना कौतुकानं सांगायची की आमच्या शकीला सासर चांगलं मिळालं. तीन दिवसांनी त्याच वाटेनं सोनबा तिला पोचवून यायचा.

अशा चार पंचम्या झाल्या.

छप्पन्न साली पिंपरीला एका नव्या कारखान्यात सोनबा लागला. खाकी कपडे, बिल्ला, भोंगा वाजला की आत आणि भोंगा वाजला की बाहेर. गावात त्याचं वजन वाढलं. लोक त्याला सोनबाराव म्हणू लागले, आणि माणसाच्या नावापुढं राव लागला की त्याला नको ते सुचतं. त्याच साली वाड्यापर्यंत एस्टी सुरू झाली. कुशाबाई म्हणाली, "आता नोकरदाराची भन हायेस म्हनावं. शेळीवानी कॅरिअरवर बसवून आनू नगंस पोरीला." सोनबाला ते पटलं. त्याला मनापासून वाटलं की आपण बहिणीला सुख देतो आहोत. नवा सदरा घालून तो एस्टीनं तिला आणायला गेला.

शकू दारातच उभी होती. वाळली होती, पण पावसाळ्यात सगळ्याच बायका वाळतात असं त्याला वाटलं. ती त्याच्या मागं रस्त्याकडे बघत म्हणाली, "दादा, सायकल?"

"ती कशाला आता? एष्टीनं जाऊ. राजावानी," सोनबा म्हणाला. त्याच्या मानानं हे भाषणच होतं.

"बरं," शकू म्हणाली.

गाडीत तिला बायकांच्या बाकावर जागा मिळाली. शेजारी तिच्याच सासरगावची शालनबाई, तीही माहेरी निघालेली. सोनबा पुढं बसला, हातात दोन तिकिटं धरून. खिंडीत गाडी घरघरत चढली आणि उतरणीला लागली तेव्हा त्यानं मोठ्या अभिमानानं मागं वळून पाहिलं. शकू खिडकीतून उंबराकडे बघत होती. शालनबाई तिला काहीतरी सांगत होती आणि ती मान हलवत होती. सोनबा पुन्हा पुढं बघायला लागला.

माहेरात तीन दिवस घर भरलेलं होतं. परत जायच्या सकाळी सोनबा सायकल पुसत होता. शकू येऊन हँडलवर हात ठेवून उभी राहिली. "सायकलीवर सोड की मला," ती म्हणाली.

"शिफ्ट हाय," तो म्हणाला. "चाकणला गाडीत बसवून देतो. आपल्या गावचा दत्तोबा वाड्यालाच चाललाय, सोबत व्हईल."

तिनं हँडलवरून बोट फिरवलं, हात काढून घेतला आणि पिशवी आणायला आत गेली. शिफ्ट खरंच होती. पण एक खाडा केला असता तर कारखाना काही बंद पडला नसता, हे सोनबाला तेव्हाही माहीत होतं. नोकरी नवी होती, तिची भीती होती आणि तिचा तोराही होता.

सत्तावन्नच्या माघात निरोप आला, शकू अंथरुणावर आहे, येऊन जा. सोनबा कारखान्याच्या फाटकातून तसाच सायकलीवर निघाला, मोशी, चाकण, खेड करत खिंड चढून दिवस मावळायच्या आत पोचला. शकूला पडवीत निजवलं होतं, सगळ्यांपासून लांब, उशाशी थुंकायला राखेचं मडकं. एवढीशी झालेली ती बहीण बघून तो तिच्या अंथरुणाशी खाली बसला.

"गेल्या व्हळीपास्नं खोकल्यातनं रगत पडतंय," ती म्हणाली. "पंचमीला सांगनार व्हते तुला."

"घरी तीन दिस व्हतीस की," सोनबा म्हणाला.

"घरात कुटं सांगू? आयला? आदीच पोर न्हाई माज्या पदरात. त्यात ह्यो रोग हाय म्हनून सासरी कळलं असतं तर मला टाकून दिली असती. एष्टीत शालनबाई शेजारी, दत्तोबा शेजारी." ती खोकली, थांबली. "तुज्या तोंडावर सांगाया येत न्हाई मला, दादा. पाठ असली म्हंजी येतंय."

सोनबा हं म्हणाला नाही. पहिल्यांदाच त्याला तोही शब्द आला नाही.

दुसऱ्या दिवशी गेनूनं, आईला न विचारता, बैलगाडी जुंपली. शकूला खेडच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, कधीपासून म्हणून विचारलं. मग म्हणाले, "ह्यावर सुया निघाल्यात आता. दसऱ्याच्या आत आणली असती तर काही करता आलं असतं." त्यांनी ते ओरडून सांगितलं नाही. ओरडले असते तर सोनबाला बरं वाटलं असतं.

पाडव्याच्या अलीकडे चार दिवस शकू गेली.

सोनबानं नोकरी सोडली नाही. माणसं सोडत नसतात, पोटाला लागतं. पण त्या श्रावणात पंचमीच्या आदल्या दिवशी त्यानं खाडा केला. सायकलीच्या कॅरिअरवर वाकळेची घडी बांधली. कुशाबाईनं दारातून पाहिलं, कुठं निघालास म्हणून विचारायचं तिच्या तोंडावर आलं, पण ती आत जाऊन चुलीपुढं बसली आणि रडली.

तो शकूच्या गावापर्यंत गेलाच नाही. तिथं आता कुणाला आणायचं होतं? खिंड उतरून पलीकडं मैलभर गेला आणि सायकल फिरवली. येताना वाटेत एक वाडी लागली. वेशीपाशी तो उतरला आणि शेवटच्या घरापर्यंत सायकल ढकलत चालला, मागून कुणी येत असल्यासारखा हळू. चढ त्याला एकट्याला जड गेला. उंबराखाली तो थोडा टेकला, भाकरीचं फडकं मात्र सोडलं नाही.

मग तो सायकलीवर बसला आणि पाय सोडले. डावीकडं भीमा लाल होऊन चालली होती, खाचरं हिरवी होती, सगळं जिथल्या तिथं होतं. चाक टिकटिक वाजायला लागलं. सोनबानं मागं वळून पाहिलं नाही. हँडल घट्ट धरून, रस्त्याकडे बघत, त्या दीड मैलाच्या उतरणीवर तो थोड्या थोड्या वेळानं म्हणत राहिला, "हं. हं."