कोरड्या कारंज्याचं पाणी

आमच्या दादाला सगळे भोंगा म्हणतात. लाऊडस्पीकर भाड्यानं देण्यात त्याचं आयुष्य गेलं. सभा असो की लग्न, यानं बटण दाबलं की अख्खी गल्ली दचकायची. त्याच भोंग्याच्या घरात गेलं वर्षभर सगळे कुजबुजत बोलत होते. वहिनीच्या डोक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला आवाज सोसवेना. चमचा पडला तरी ती डोकं दाबून धरायची. दादानं भिंतीवरचं घड्याळसुद्धा माझ्याकडे आणून टाकलं.

अशात एक कलाकार बाई दादाकडे स्पीकर मागायला आल्या. दादाच्या खिडकीखालच्या चौकातलं कारंजं कधीचं कोरडं पडलंय. त्यात पाणी सोडायचं नाही, नुसता पाण्याचा आवाज सोडायचा, अशी त्यांची कल्पना. मी म्हटलं, "हे म्हणजे पाहुण्याला जेवणाऐवजी ढेकर ऐकवण्यासारखं झालं!" दादा हसला नाही. आपण नाही म्हटलं तर काम दुसरा कुणी घेईल आणि वहिनीच्या उशाशीच स्पीकर लावून मोकळा होईल, ही त्याला धास्ती. म्हणून त्यानं होकार दिला.

मग आराखड्यावरून रोजची वादावादी. बाई म्हणत, आवाज चहूकडे पसरू दे. दादा प्रत्येक स्पीकरचं तोंड आपल्या खिडकीपासून फिरवी. चाचणी चालू ठेवून जिना चढे, वहिनीच्या पलंगाजवळ कान देऊन उभा राही, आणि खाली येऊन पुन्हा एखादा स्पीकर वळवी. बाई वैतागल्या, मी वैतागलो. हा आपला हेका सोडायला तयार नाही.

उद्घाटनाच्या दिवशी लोक कोरड्या दगडांवर हात ठेवून उभे होते. एक म्हातारी तर चपला काढून आत उतरली. कितीतरी दिवसांनी दादाच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. आम्ही दोघं वर गेलो.

"एक थेंब तरी आला का ऐकू?" दादानं ऐटीत विचारलं.

खिडकी सताड उघडी होती. वहिनी शाल गुंडाळून तिथंच बसली होती.

"नाही ना," ती म्हणाली. "सकाळपासून खालचा सगळा कलकलाट सोसत बसलेय. तुमचं एवढं काम, आणि तेवढंच नाही ऐकू आलं."

मला दादाकडे बघवेना. तो तसाच खाली धावला आणि एक स्पीकर त्यानं वर वळवला. पाण्याचा आवाज खोलीत आला, अगदी हलका. वहिनी डोळे मिटून हसली. मग तिची बोटं कपाळात रुतली, ओठ पांढरे पडले, तरी ती ऐकत राहिली. दादा धापा टाकत दारात आला.

"छान झालंय हो," ती म्हणाली. "आता बंद करा."