कटिंगच्या रंगाचा प्लग

भोईवाड्याचे मास्तर चहा गरम असताना कधी प्यायले नाहीत. कटिंगचा ग्लास आला की ते तो उजेडाकडे धरत, दुसऱ्या हातात इंजिनातून नुकताच काढलेला स्पार्क प्लग घेत आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघत राहत. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं असलं की गाडी पास. पांढरट असलं तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, काळं असलं तर जास्त होतंय. मग कार्ब्युरेटर उघडून जेट बदलायचा. जेट म्हणजे पितळेचा इवलासा स्क्रू, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. इंजिनाला पेट्रोल मिळतं ते त्या भोकातून. हे सगळं होईपर्यंत चहावर साय धरलेली असे. ती बोटानं बाजूला करून मास्तर एका घोटात ग्लास रिकामा करत आणि म्हणत, "रंग बघायचा. जेटवरचा नंबर कंपनीसाठी असतो."

त्यांचं गॅरेज म्हणजे कोर्टाजवळच्या गल्लीत बांधलेली एक ताडपत्री. मास्तर पूर्वी गिरणीत फिटर होते. गिरणी गेली, तिच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला, आणि त्याच टॉवरातले साहेबलोक आपल्या जुन्या बाइक घेऊन मास्तरांपुढे उभे राहू लागले. साहेब असो की डिलिव्हरीवाला, मास्तर "जय भीम" म्हणत आणि उलट्या ठेवलेल्या बादलीकडे बोट दाखवत. बसायची सोय तेवढीच. सगळे जेट दंतमंजनाच्या एका पत्र्याच्या डबीत. ती हलवून, नुसत्या आवाजावरून कुठला जेट संपलाय ते सांगतात अशी ख्याती होती. माझा त्यावर विश्वास नव्हता, पण डबीवर डोळा होता.

मी लालबागचा. जुन्या गाड्या घ्यायच्या, चालत्या करायच्या आणि विकायच्या, हा धंदा मी कोणाचा हात न धरता उभा केला. भाव पाडण्यात मला कोणी हरवलेलं नाही, मास्तर सोडून. ते मजुरी एकदाच सांगत. मी "मास्तर, जरा..." म्हणून तोंड उघडलं की हाताशी असेल त्या बाइकला किक मारून ॲक्सिलरेटर पिळत. माझे ओठ हलताना दिसत, आवाज कोणालाच ऐकू येत नसे. मी थांबलो की बाइकही थांबे. एकदा मी मुद्दाम पाव तास बोललो. शेवटी घसा माझा बसला, आणि पेट्रोल जळलं तेही माझ्याच गाडीतलं.

या मास्तरांनी माझं दोनदा नुकसान केलं. दोन्ही सांगतो.

घाटावरच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून मी एक एटीव्ही उचलली होती. चार जाड टायरांची, हँडलवाली, वाळूत फिरवतात ती. मी तिला उघडा एअर फिल्टर बसवला, दणदणीत सायलेन्सर लावला आणि मागे ओढगाडीसाठी हूक जोडला. कफ परेडच्या मच्छीमार नगरात हिराबाई म्हणून होत्या, तिथल्या कोळणींच्या मंडळाच्या प्रमुख. होडीवरून बर्फाचे आणि मासळीचे क्रेट वाळूतून रस्त्यापर्यंत डोक्यावर आणून बायकांच्या माना मोडत होत्या. ही गाडी त्यांना विकायची, असं मी ठरवलं होतं. माझं सगळं भांडवल त्या चार टायरांत अडकलं होतं. सौदा फिसकटला असता तर मी पुन्हा हातगाडीवर आलो असतो.

मास्तरांनी गाडी सुरू केली, डोळे मिटून ऐकली आणि बंद केली. "शेठ, ही घाटावरची. तिथं हवा विरळ, म्हणून जेट बारीक. इथं समुद्राची हवा दाट. त्यात तू हा भोंगा लावलास, फिल्टर उघडा टाकलास. हवा बदाबदा आत जाते, पेट्रोल येतं थेंब थेंब." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तुझ्यासारखीच आहे. हवा भरपूर, पेट्रोल कमी. लगेच तापते."

गल्लीतले सगळे हसले. मी तापलो. ते आणखी हसले.

तीन दिवस मास्तर जेट बदलत होते. मोठी सुट्टी संपून कोर्ट नुकतंच उघडलं होतं, गल्लीत वकील आणि पक्षकारांची ही गर्दी, चहावाल्याला मान वर करायला फुरसत नाही. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी प्लग ग्लासाला लावला आणि मान डोलावली. "जुळला."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत गाडी घालून आम्ही मच्छीमार नगरला पोचलो. हिराबाई कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या.

"ओ भंगारवाले, ओढंल का ही?"

"हिराबाई, हत्ती ओढेल!"

"हत्ती नको. बर्फ नि बोंबील ओढू दे. चहा घेता?"

"आधी सौदा, मग चहा." हा माझा नियम. समोरच्याचा चहा पोटात गेला की जीभ मऊ पडते.

भरलेली ओढगाडी जोडली. गाडी गर्जना करत निघाली, बायका मागे सरल्या, मी छाती काढली. अर्ध्या वाटेवर इंजिन टकटक करू लागलं, तापलं आणि बंद पडलं.

"पंपावर भेसळ झालेली दिसते," मी लगेच म्हणालो.

"पेट्रोलला नाव ठेवू नकोस," मास्तर म्हणाले. त्यांनी प्लग काढला. खडूसारखा पांढरा. सवयीनं त्यांनी हात पुढे केला आणि कोणीतरी त्या हातात हिराबाईंच्या घरचा चहा दिला. मास्तरांनी ग्लास उजेडाकडे धरला आणि बघतच राहिले. चहा चांगला दाट, तांबूस तपकिरी होता. मग त्यांनी मी कधीच न पाहिलेली गोष्ट केली. गरम चहाचा घोट घेतला.

"हा चहा," ते हळूच म्हणाले. "आपला कोर्टाजवळचा चहावाला गर्दीमुळे पत्ती कमी टाकतोय रे. तीन दिवस मी प्लग पाण्याला जुळवला." आणि मग साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "बाई, गाडी चांगली आहे. चूक माझी आहे!"

"मास्तर, गिऱ्हाइकासमोर?"

"मग काय पाठीमागे सांगू?"

मी संतापून सायलेन्सरला लाथ घातली. रबरी चप्पल त्याला चिकटली आणि जळक्या वासापुढे बोंबलांचा वास मागे पडला. हिराबाई पदरानं नाक धरून म्हणाल्या, "गाडी निवत आली, मालक अजून तापलाय."

मास्तर क्रेटवर बसले, फडकं पसरलं, डबी उघडली. मोठा जेट बसवला आणि तीच भरलेली ओढगाडी पुन्हा जोडली. गाडी रस्त्यापर्यंत न कुरकुरता गेली. तिथेच बंद करून प्लग काढला, हिराबाईंच्या चहाशेजारी धरला. दोन्हींत फरक सापडेना.

सौदा झाला. पण भाव हिराबाईंचा. "हा माणूस आपली चूक चारचौघांत बोलतो, म्हणून गाडी घेते. तुम्ही पंपाला दोष दिलात, म्हणून तुमचा भाव देत नाय." मी तासभर झगडलो. एक पैसा वर सरकल्या नाहीत. हे पहिलं नुकसान.

त्यानंतर मास्तरांशी बोलायचं नाही असं मी ठरवलं. महिनाभर गाड्या दुसरीकडे नेल्या. तिथे मजुरी हवी तेवढी पाडता येत होती, गाड्या मात्र आठवड्यात परत येत होत्या. एक दिवस मुकाट्यानं जाऊन बादलीवर बसलो. मास्तर एवढंच म्हणाले, "चप्पल नवीन घेतलीस?"

गेल्या वर्षी मास्तर गेले. चाळीत भेटायला गेलो. त्यांची मुलगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. बरंच बसून झाल्यावर मी डबीचा विषय काढला.

"ती मी मच्छीमार नगरला देऊन आले," ती म्हणाली. "बाबांनी तसंच सांगितलं होतं."

"आणि मला?"

तिला थोडं हसू आलं. "म्हणाले, शेठला दिली तर तो विकेल."

मी विकली असती हे खरं आहे. पण म्हणून त्यांनी असं पोरीला सांगून जायचं? हे दुसरं नुकसान.

तसाच तडक मच्छीमार नगर गाठलं. डबीच्या भावाला कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, सगळं वाटेत मनात ठरवलं होतं. किनाऱ्यावर एटीव्ही क्रेट ओढत होती. तिचा आवाज ऐकला आणि कळलं की जेट अजून तोच आहे. हिराबाईंच्या दारातल्या फळीवर ती डबी होती, स्वच्छ पुसून ठेवलेली. मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी डबी उचलून एकदा हलवली, कान देऊन ऐकली आणि परत ठेवली. मग माझ्यापुढे चहाचा ग्लास ठेवला.

सौदा व्हायचा होता. तरी मी ग्लास उचलला, उजेडाकडे धरला. रंग बरोबर होता.

मी तो गरम असतानाच प्यायलो. डबीचं बोलायचं राहून गेलं.