पोतं न मावणारी फटफटी

सोनाळ्याच्या थांब्यावर यष्टी उभी होती आणि माझी पेटी टपावर चढवायला कोणी पुढं येत नव्हतं. वसंतभाऊ, माझा मोठा भाऊ, हाताची घडी घालून उभा. बाबा कंडक्टरशी बोलण्यात गुंतल्याचं सोंग करून राहिलेले. पोरीला नोकरीवर पाठवायला दोघंही कसेबसे कबूल झाले होते. पेटीसुद्धा आम्हीच चढवायची का, असा तो भाव. मग मीच पदर खोचला, मागच्या शिडीवरून वर गेले आणि पेटी ओढून घेतली.

"उतर व खाली! लोक पाहून राह्यले," बाबा ओरडले.

"पाहू द्या," मी वरूनच म्हटलं.

माय लांब कडुलिंबाखाली उभी होती. बायांनी थांब्यावर पुरुषांत येऊन उभं राहायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. तिनं तिथूनच हात वर केला. गाव सोडताना डोळे भरून आले, असं पुष्कळांनी लिहून ठेवलंय. माझे नाही भरले. मला राग आला होता, आणि त्या रागावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. तुम्ही तिकडंच राहिलेल्या असा, की माझ्यासारख्या निघालेल्या, खोटं कशाला सांगू?

महाराष्ट्र तेव्हा नवा होता, मुलींच्या शाळा निघत होत्या, आणि मला मोताळ्याला मास्तरणीची जागा मिळाली होती. पण मोताळ्यात मला खोली मिळेना. जिथं जावं तिथं एकच प्रश्न, "नवरा कुठी हाये?" नाही म्हटलं की दार बंद. शेवटी बुलडाण्यात एका म्हाताऱ्या घरमालकिणीनं खोली दिली, तीही शेजारच्यांचं बोलणं ऐकून घेऊन. आता माझ्या नाती पुण्यात चौघी-चौघी मिळून फ्लॅट घेतात आणि मालक त्यांना वाय-फायचा पासवर्ड देतो. बरं वाटतं, आणि थोडा जळफळाटही होतो, का नाही होणार?

तर रोजचं अप-डाउन सुरू झालं. बुलडाणा वर, मोताळा खाली, मधे राजूर घाट. सकाळची बस कधी यायची, कधी भरून यायची, कधी यायचीच नाही. हेडमास्तरांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, "बाई, दिवाळीनंतर उशीर झाला तर मला दुसरी मास्तरीण पाहावी लागेल." म्हणजे पेटी उचला आणि सोनाळ्याला परत. तिथं बाबा वाटच पाहत होते.

मी मनात म्हटलं, बस येत नाही तर मरू दे, आपली आपण गाडी घेऊ.

आमच्या शाळेतल्या एका गुरुजींकडं मोपेड होती. सकाळी घाट उतरताना गुरुजी राजे असत. संध्याकाळी तीच मोपेड ढकलत, घामानं थबथबून, ते घाट चढताना दिसत. म्हणून मोपेड बाद. स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, तोवर माझी नोकरी कुठली राहते! उरली फटफटी. घाट चढेल एवढ्या दमाची आणि माझ्या पगारात बसेल एवढी लहान.

खामगावच्या दुकानात वसंतभाऊला सोबत नेलं, कारण तो मित्राची फटफटी चालवायचा. हीच माझी चूक झाली. दुकानदारानं खुर्ची त्याला दिली, चहा त्याला दिला, माहिती त्याला सांगितली. गाडी घेणारी मी उभीच. भाऊनं सगळ्यात भारी गाडीवर हात ठेवला.

"हे घे. सरकीचं पोतं आरामशीर येते हिच्यावर."

"मले शाळेत सरकी न्याची हाये का?"

"तसं नाही व. आज ना उद्या तुहं लगन होईन. मंग गाडी घरीच येईन ना आपल्या. वावरात कामी पडन."

घ्या! म्हणजे पैसे माझे, गाडी शेताची. त्याच्या मनात कपट नव्हतं, हे मी आजही सांगते. पोरीचं ते घरचं, हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्याला त्यात काही वावगं दिसलंच नाही. पण माझं डोकं फिरलं.

मी दुकानदाराला म्हटलं, "ही गाडी जमिनीवर आडवी करा."

"आडवी? नवी गाडी आहे बाई!"

"नवीच पडते. घाटात पडली तर उचलायला मी तुम्हाला बोलावू का?"

त्यानं पोती अंथरली आणि कुरकुरत गाडी आडवी केली. मी सगळा जोर लावला, ती हलेना. भाऊ खो खो हसला. मग मी कोपऱ्यातली लहान गाडी आडवी करायला लावली. एक हात हँडलला, एक सीटखाली, पाठ ताठ, कमरेनं रेटा. पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा उभी राहिली. वर बसले, दोन्ही पाय जमिनीला टेकले.

"हीच द्या," मी म्हटलं.

"हिच्यावर तं पोतं मावत नाही!" भाऊ कळवळला.

"म्हनूनच घेऊन राह्यली."

दुकानदाराला आता निराळीच काळजी. म्हणाला, "बाई, गोल पातळात टांग कशी टाकाल? एकीकडं पाय करून चालवता येत नाही." खरंच होतं. तशीच रस्ता ओलांडून कापडाच्या दुकानात गेले आणि नऊवारी लुगडं घेऊन आले. आमच्या बायका कासोटा मारून डोंगरापर्यंत जातात, झाडावर चढतात, फटफटी ती काय! पुढं शाळेतल्या बाया कुजबुजल्या की एवढं शिकून ही पुन्हा लुगड्यात गेली. त्यांचा पदर चाकात जायचा नव्हता, त्यांना काय!

शिकायला बुलडाण्याबाहेरचं एक मोकळं मैदान धरलं. भाऊ दोन दिवस राहिला. मी सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती, पण बैलगाडी लहानपणापासून हाकलेली. घोळ तिथंच झाला. गाडी सुटली, समोर कडब्याची गंजी आली, आणि मी काय करावं? कासरा ओढावा तसं हँडल दोन्ही हातांनी मागं ओढलं आणि "हो हो हो!" म्हणून ओरडले. बैल थांबला असता. फटफटीची मूठ मागं पिळली की ती अजून पळते! मी गंजीत, गाडी माझ्या शेजारी, चाक फिरतंय, आणि भाऊ पोट धरून बसलेला.

हसणं ओसरल्यावर तो जवळ आला नि हँडल धरलं. आवाज मऊ होता. "बस झालं, बाई. तुह्यानं नाही जमत. गाडी मी नेतो, तू चाल घरी. बाबा काही बोलनार नाहीत."

बाबा काही बोलणार नाहीत! नेमकी तीच तर भीती होती मला. कोणी काही बोलणार नाही, मायसारखी मीही एखाद्या झाडाखाली उभी राहीन, आणि सगळं सुरळीत होईल. कोपर सोलवटलं होतं, डोळ्यांत पाणी होतं, पण मी म्हटलं, "हात काढ."

"अवं..."

"हात काढ म्हनतो ना!"

त्यानं काढला. मी गाडी उचलली, केसांतला कडबा झटकला आणि किक मारली.

दिवाळीनंतर एक दिवसही उशीर झाला नाही. घाटात पोरं ओरडायची, बसमधले लोक खिडकीतून माना काढायचे. मी हॉर्न वाजवायची.

हिवाळ्यात फटफटीनंच सोनाळ्याला गेले. मायनं गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. रात्री बाबांनी विषय काढला. जळगावकडचं स्थळ आहे, लोक चांगले आहेत, पण त्यांना नोकरीवाली सून नको. मी नाही म्हटलं. बाबा उठून झोपायला गेले. सकाळी निघताना पाहते तर गाडीची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात.

"गाडी राहू दे इथंच. वसंताले लागते. लगनाचा इचार कर, मंग पाहू."

"बाबा, किल्ली द्या."

"कोनाले इचारून चालली तू?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात चुलीपासून माय उठली. हात पदराला पुसले. बाबांसमोर आली आणि त्यांच्या खिशात हात घालून किल्ली काढली. उभ्या जन्मात तिनं त्या खिशाला हात लावला नव्हता. बाबा इतके चकित झाले की त्यांचा हात वर उठलाच नाही. किल्ली माझ्या हातावर ठेवून ती म्हणाली, "चाल. मीबी येतो."

"तू कुठी चालली?" बाबांनी विचारलं.

"हिच्यासंगं."

"अन् सैपाक?"

"भाकरी टोपल्यात हायेत," माय म्हणाली, आणि माझ्यामागं पुरुषासारखी टांग टाकून बसली.

गावातून जाताना तिनं डोक्यावरचा पदर घट्ट धरला होता. गाव मागं पडल्यावर सोडला. पूर्णा नदीवर थांबून माझ्यासाठी बांधलेली भाकर दोघींनी खाल्ली. राजूर घाट गाडी पहिल्या गिअरवर, कण्हत कण्हत चढत होती. मी म्हटलं, "माय, उतरतेस का थोडी?" तर म्हणे, "मी नाही उतरत. तिले सांग चढ म्हनून." आणि चढली की!

खोलीवर पोचलो तर घरमालकीण दारातच. तिनं मायला विचारलं, "लेकीकडं आलात का? घरी परत कधी जाणार?"

मायनं चपला काढल्या, खोलीत नजर फिरवली. एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत माझी वाळत घातलेली लुगडी.

"घरीच तं आली," ती म्हणाली आणि खाटेवर मांडी घालून बसली.

घर कुठलं, असं मला आजही विचारतात. सोनाळा माझं गाव आहे, ते कोणाच्या बापाला नाकारता यायचं नाही. पण घर म्हणाल तर ती बुलडाण्याची खोली. माय तिथं महिनाभर राहिली, आणि जायचं तिचं तिनं ठरवलं.