पैलवानाचा दुसरा नंबर

माझी आत्या मुलखाची भित्री. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघायची, जिना उतरायची आणि पुन्हा वर येऊन ओढायची. आम्ही तिला हसायचो. इस्त्रीच्या रोलरची तिची भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आम्ही दोघी हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. ओल्या चादरी तो तापलेला रोलर आत ओढून घेतो. पुढची जाळी कधीच तुटली आहे. आत्याच्या मैत्रिणीची बोटं त्यात गेली, तेव्हा आत्या शेजारीच उभी होती.

रोलरवर कोण, हे कामगार संघटनेचा अध्यक्ष ठरवायचा. अंगानं काडी, तरी सगळे त्याला पैलवान म्हणत. जो उलट बोलेल तो रोलरवर. आणि माझं तोंड फटकळ. एकदा जाळीवरून मी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "निवडणूक होऊ दे, मग बघू तुझं." त्या दिवशी आत्यानं ठरवलं, आपण उभं राहायचं. धाडस वगैरे काही नव्हतं, भीतीनंच उभी राहिली.

पैलवानाला दर वेळी जेमतेम तिसरा हिस्सा मतं पडायची. बाकीची विरोधकांत फुटायची. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

"आमच्या बस डेपोत असं होत नाही," जेवताना वडील म्हणाले. "आम्ही उमेदवारांना नंबर देतो. पहिला, दुसरा, तिसरा. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली, तर तळाचा बाद. त्याच्या प्रत्येक चिठ्ठीवर ज्याला दुसरा नंबर दिलेला असेल, त्याला ती जाते."

आई बेकरीत कामाला. "आमच्याकडे ज्या गटाची जेवढी मतं, तेवढ्या कमिटीत जागा. कुणाची दादागिरी नाही. पण पंखा कुठे लावायचा यावर अजून बैठका चालल्यात, आणि आम्ही भट्टीसमोर घामाघूम."

आत्याला नंबर पटले. ती एकेका मशीनपाशी जाऊन समजावत फिरली, सभेत ठराव मांडला, आणि पैलवान चक्क हो म्हणाला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तिघं उभे राहिले: पैलवान, आत्या आणि फाटक्या चादरी शिवणारा टेलर. मग पैलवान प्रत्येकापाशी जाऊन हळू आवाजात बोलू लागला. "पहिला नंबर तुमच्या माणसाला द्या, मला राग नाही. दुसरा मात्र मला. कुणी दिला नाही ते मला कळतंच."

चिठ्ठी गुप्त होती, त्याला कसं कळणार? पण हे विचारायचं धैर्य कुणाला होतं? दुसऱ्या नंबरानं काय बिघडतं, उगाच वाकड्यात कशाला शिरा, असं जो तो म्हणू लागला.

मोजणीत टेलर तळाला गेला. त्याची माणसं पैलवानाच्या नावानं बोटं मोडायची, म्हणून मी निर्धास्त होते. त्यांच्या चिठ्ठ्या एकेक उलगडल्या. दुसरा नंबर पैलवान. पुढची, पैलवान. आत्यानं माझा हात इतका घट्ट धरला की दुखायला लागला.

"आजवर मला तिसऱ्या हिश्श्याचा अध्यक्ष म्हणायचे," पैलवान म्हणाला. "आता निम्म्याहून जास्त लोक माझ्यामागे आहेत. यापुढे तक्रार ऐकणार नाही." टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात टेलरनं वाजवल्या.

घरी जाताना मी त्या लोकांना नाही नाही ते बोलले. शेपूटघाले म्हटलं, मेंढरं म्हटलं. मग आत्या म्हणाली, "मीही दुसरा त्यालाच दिला."

"तू?"

"मी हरले तर निदान तुझ्यावर राग काढू नये, म्हणून."

आत्या तळाला गेली नव्हती, त्यामुळे तिची चिठ्ठी दुसऱ्या नंबरापर्यंत पोचलीच नव्हती. हे तिला सांगून काय उपयोग होता?

सकाळी रोलरसाठी माझं नाव पुकारलं. मी पाऊल उचलायच्या आत आत्या पुढे झाली होती. "आत घालायला मी उभी राहते. तिला पलीकडे ठेवा, बाहेर आलेली चादर धरायला." पैलवानानं मान डोलावली. एकीच्या जागी दोघी मिळाल्या, त्याचं काय जात होतं?

तेव्हापासून मी पलीकडे उभी असते. मधल्या वाफेत आत्या दिसत नाही. चादर बाहेर आली की ती पांढरी आहे ना, हे मी आधी बघते, मग घडी घालते.