ऑड्री नावाच्या राणीचा गळा

सिंगापुरात बुकित बातोकच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी राहायला आले, तेव्हा नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं. लबाडी म्हणा हवं तर. इथल्या मराठी बायकांनी गृहीतच धरलं की नवरा पुण्यात नोकरीला आहे, आणि मीही ते खोडून काढलं नाही. रॅफल्स प्लेसचं ऑफिस सुटलं की घरी नुसत्या भिंती. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं, तेवढीच काय ती माणसं. खरं सांगितलं असतं तर तीही तुटली असती.

तिसऱ्या वर्षी गळ्यावर गाठ आली. काढावीच लागेल, असं डॉक्टर म्हणाले. शेजारी एक निवृत्त चिनी शिक्षिका राहायच्या, नेमाने चर्चला जाणाऱ्या. नाव ऑड्री. गाठ पाहून बाईंना त्या नावाच्या मूळ संत बाईची गोष्ट आठवली. बोलायची हौस दांडगी! तेराशे वर्षांपूर्वी इंग्लंडात ही राणी होती, पुढे मठात गेली. तिच्या गळ्यावर गाठ आली, तेव्हा ती म्हणे, तरुणपणी हार घालून मिरवले, त्याची ही शिक्षा. आणि लोक कसे बघा, ती गेल्यावर तिच्याच जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकायला लागले. पुढे त्या इतक्या भडक झाल्या, की सेंट ऑड्रीचं ‘टॉड्री’ होऊन इंग्रजीत तिचं नाव हलक्या, भपकेबाज मालाला चिकटलं. बाई हसल्या. मला कसलं हसू येतंय! खोटं घालून मिरवलंस ना, मग भोग आता, असं मी स्वतःलाच सुनावलं.

ऑपरेशनला सोबत त्याच आल्या. नर्सने दागिने काढायला सांगितले. मंगळसूत्र काढून मी बाईंच्या हातात दिलं. नंतर नवऱ्याला कळवायला हवं, म्हणून त्यांनी त्याचा नंबर मागितला.

"नवरा नाही," मी म्हटलं. "तीन वर्षं झाली."

फॉर्मवर नवऱ्याच्या जागी त्यांनी आपला नंबर लिहिला.

गाठ साधी निघाली. मंगळसूत्र मी कपाटात ठेवून दिलं. त्या मराठी बायकांपैकी एकीचा संक्रांतीच्या बोलावण्याचा फोन आला, तेव्हा मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं.

"अगं, मग तू असं कर ना," ती म्हणाली, "नुसती जेवायला ये. बायका गेल्या की."

मी बरं म्हटलं आणि गेले नाही. त्या संध्याकाळी एकटीपुरता वरणभात लावला, आणि ताटावर बसून खूप रडले.